सातबाऱ्यावर नसलेली नावं



सिंदी मेघे आता वर्धा शहराला लागूनच गेलंय. तरी इथल्या कितीतरी घरांची मुळं दोन पिढ्यांमागं कुठल्यातरी वावरात निघतात. त्या वावरात राबलेल्या आज्या आज शाळेच्या या कार्यक्रमात मागच्या रांगांत बसल्या आहेत. मला त्यांच्याविषयी बोलायचंय.

पेरणीला तिफन कुणी हाकली हे आपण सांगतो. तिफनीमागं सरतं धरून चालणारी बाई आपल्या बोलण्यात येत नाही. सरकी एकमेकींना चिकटू नये म्हणून ती आधी शेणमातीत घोळायची. मग ओटीतून मूठ भरून, बैलांच्या चालीशी चाल जुळवत दाणे सोडायची. मूठ सैल झाली की पेरा दाट, अडखळली की तासात नांग्या. पुढं निंदण, आणि दिवाळीच्या सुमारास वेचणी. वाळल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला रुतायची, तरी पांढरा कापूस वेगळा आणि कवडी वेगळी राहायची. हे कसब होतं, आणि ते शाळेत शिकवलं जात नव्हतं. कापूस बाजारात गेला की पट्टी मात्र घरधन्याच्या नावानं निघायची. सातबारासुद्धा त्याच्याच नावाचा.

नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनासाठी खेड्यापाड्यांतून बाया मोठ्या संख्येनं आल्या. त्यानंतर संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. आपल्या शेजारी, राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला एकट्या सीतेचं देऊळ आहे. याच शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी त्याच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. टाकलेल्या बाईचं देऊळ शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याला इतकं मोलाचं का वाटलं, ते तिथं जाऊन बघा. शाळेची सहल एकदा तिकडं न्याच.

हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, देशानं 2005 मध्ये. कायदा झाला, पण भावाबहिणीचं नातं पुढं करून हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेणं थांबलं नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर आजीजवळ बसा. बियाणं राखेत घोळून कसं ठेवायची, कोणती तूर कोणत्या वावरात घालायची, ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. वर तिचं नाव लिहा, माहेरचंसुद्धा. मग महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर घरचा सातबारा उघडून तिचं नाव शोधा. नसलं तर का नाही, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. मुलींनो, उद्या हक्कसोडपत्र समोर आलं तर वाचल्याशिवाय सही करू नका. आणि मुलांनो, तो कागद बहिणीपुढं तुम्ही ठेवू नका.