क्षयजंतूच्या पेशीतील वाटांचा नकाशा



एखाद्या तालुक्यातील गावांची यादी हाती आली, म्हणजे तो तालुका समजला असे होत नाही. कोणता रस्ता कोठे जातो, पूल वाहून गेल्यास बाजाराला जाण्यास दुसरी वाट उरते काय, हेही ठाऊक असावे लागते. सजीव पेशीचेही तसेच आहे.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. १९९८ साली या जंतूची जनुकीय संहिता प्रसिद्ध झाली आणि सुमारे ४,००० जनुकांची यादी शास्त्रज्ञांच्या हाती आली. त्यांतील परस्परसंबंध जोडणे मात्र बाकी होते.

हे कार्य संगणकाच्या साहाय्याने केले जाते. पेशीत एका पदार्थापासून दुसरा बनतो, ती प्रत्येक क्रिया समीकरणाने मांडली जाते. जेवढे निर्माण होते तेवढेच खर्ची पडते, असा जमाखर्चाचा नियम लावून पेशीच्या वाढीचा अंदाज काढता येतो. नंतर एखादे जनुक हिशेबातून वगळून पाहतात. पर्यायी वाट असल्यास पेशी तगते. नसल्यास तिची वाढ खुंटते. अशी पर्यायहीन वाट हेच औषधाचे संभाव्य लक्ष्य होय.

क्षयजंतूच्या मेणचट आवरणात मायकोलिक आम्ले असतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक रामन, नागसुमा चंद्रा आदी संशोधकांनी २००५ साली ही आम्ले घडविणाऱ्या २१९ क्रियांचा व २८ प्रथिनांचा नकाशा मांडला. १९५२ पासून वापरात आलेले आयसोनियाझिड ज्या प्रथिनास रोखते, त्याखेरीज आणखी काही लक्ष्ये त्यातून पुढे आली. औषधाचा आघात रोग्यावरच होऊ नये, म्हणून मानवी प्रथिनांशीही त्यांची तुलना करण्यात आली. २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी ६६१ जनुके व ९३९ क्रियांचा अधिक विस्तृत नकाशा सिद्ध केला.

तथापि ४,००० पैकी ६६१ जनुकांचा नकाशा अपुराच म्हणावा लागेल. संगणक दिशा दाखवितो. निर्णय प्रयोगशाळेत आणि रुग्णांवरील काटेकोर चाचण्यांतच होतो. त्यास वर्षे लागतात.

दरम्यान औषधांना न जुमानणारे क्षयजंतू फैलावत आहेत. उपचार अर्धवट सोडल्याने त्यांना बळ मिळते. म्हणूनच गावातील प्रत्येक क्षयरोग्याचा औषधोपचार पूर्ण होईल, याची काळजी शिक्षक व पंचायत सदस्यांनी वाहिली पाहिजे. हाती असलेली औषधे निकामी होऊ न देणे, हे नव्या औषधाच्या शोधाइतकेच मोलाचे कार्य आहे.