मोंतोनेचे सौरघड्याळ



इटलीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आता थोडी राहिलेली नाही. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा कललेला मनोरा असा ठरलेला क्रम असतो. उंब्रिया प्रांतात, पेरुजिया शहराच्या उत्तरेस, टेकडीवर मोंतोने नावाचे जुने तटबंदीचे गाव आहे. तेथे सहलीच्या गाड्या सहसा वळत नाहीत. वास्तविक मराठी प्रवाशाने प्रथम तेथेच जावे.

या परिसरातील टायबर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीच्या तुकडीवर जर्मन मशीनगनचा भडिमार झाला. नायक यशवंत घाडगे वगळता तुकडीतील सारे जवान ठार वा जखमी झाले. कुलाबा जिल्ह्यातला हा २२ वर्षांचा तरुण एकटाच मोर्चावर धावून गेला. हातबॉम्बने त्याने मशीनगन बंद पाडली, एका शत्रूला गोळी घातली. काडतुसे भरायला उसंत नव्हती, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. जिंकलेल्या त्याच मोर्चात शत्रूच्या गोळ्यांनी त्याला वीरमरण आले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इंग्रजांच्या फौजेतील शिपायाचा गौरव आपण का करावा, असा प्रश्न येतो आणि तो गैर नाही. त्याच उन्हाळ्यात आझाद हिंद सेना इंफाळच्या आघाडीवर झुंजत होती. समोरच्या फौजेतही हिंदी जवान होतेच. हिंदू तरुणांनी सैन्यात शिरावे असा आग्रह स्वातंत्र्यवीर सावरकरांनी धरला, तो इंग्रजांच्या प्रेमापोटी खचितच नव्हे. युद्ध कोणाचे, हे घाडगे यांना कोणी विचारले नव्हते. सोबत्यांच्या प्रेतांमागे दडून न राहता पुढे जायचे, हा निर्णय मात्र सर्वस्वी त्यांचा होता.

डोंगरकड्याच्या मंडळींना यातली विसंगती अधिक बोचेल. टायबरकाठची गावे १९४४ च्या उन्हाळ्यात मोकळी झाली आणि त्यासाठी मराठी रक्त सांडले. हे गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. येथे स्वातंत्र्य पोहोचले १७ सप्टेंबर १९४८ रोजी. सव्वाचार वर्षांच्या या अंतराचा उल्लेख महायुद्धाच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

इटलीच्या आघाडीवर ५,७८२ हिंदी जवान कामी आले. मोंतोनेने जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावे सौरघड्याळाचे स्मारक उभारले. सारे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. आपल्याकडे माणगावात त्यांचा पुतळा आहे, पण कोकणाबाहेर किती शाळांत त्यांचे नाव घेतले जाते?

त्यांची समाधी कोठेही नाही. नाव कोरलेले आहे ते कॅसिनोच्या युद्धस्मारकावर. कॅसिनो रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान, महामार्गालगत आहे. पॉम्पेईचे अवशेष पाहण्यासाठी रोमहून निघालेल्या आपल्या मंडळींच्या गाड्या त्याच बाजूने जातात.