गाडीतले उंदीर आणि कुटाराचा ढीग

बार्शीटाकळी भागात सोयाबीन निघालं की शेतातला दाणा सरतो आणि उंदीर गावाकडे वळतात. कुटाराच्या नाहीतर पऱ्हाटीच्या ढिगाजवळ बरेच दिवस उभा असलेला ट्रॅक्टर त्यांना आयताच सापडतो. एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत कापूस, चिंध्या, सुतळीचे धागे यांचं गोल घरटं आणि शेजारी कुरतडलेली वायर. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात म्हणून तो कुरतडतच राहतो, आणि मादी गाभण राहिल्यापासून साधारण तीन आठवड्यांत विते. मग चालढकल कशी परवडेल?

विष टाकलं की काम झालं, असं पुष्कळ जण म्हणतात. पण विष खाल्लेला उंदीर डॅशबोर्डमागे मरून सडतो आणि तोच घुबडानं खाल्ला, तर शेत राखणाऱ्या पाखराचाही जीव जाऊ शकतो. डांबरगोळ्या ठेवल्या, तरी त्यांचा वास उडाला की उंदीर परत हजर. म्हणून आधी ढीग दूर हलवा, गाडी अधूनमधून चालवा, शेंगदाणा लावलेला पिंजरा भिंतीलगत ठेवा. हवेच्या तोंडाला जाळी लावली तर हवा अडेल, ही शंका रास्त आहे. पण तिथे 6 मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची तारेची जाळी लावून ती साफ ठेवली, तर अडचण येत नाही. घरटं मात्र कोरडं झाडू नका, त्या धुळीतून रोग पसरतात. बॅटरीची वायर काढा, हातमोजे-मास्क घाला, ब्लीचिंगच्या पाण्यानं घरटं भिजवून उचला आणि मेकॅनिकनं वायरिंग तपासल्याशिवाय गाडी सुरू करू नका.