ढगातली फाइल आणि दारातला नळ

मागच्या महिन्याच्या बैठकांमध्ये आम्ही 'क्लाउड' हा शब्द काढला, तेव्हा एका मावशींनी लगेच विचारलं, "ताई, क्लाउड म्हणजे ढग ना? मग पाऊस कधी पडायचा ते सांगा." सगळ्या हसल्या. पण आजचं बोलणं पाण्याचंच आहे. मोठमोठी बांधकामं, मेट्रो, पाणीयोजना यांचा कारभार आता या क्लाउडवर चालतो, आणि त्यातली एक योजना आपल्या प्रत्येकीच्या दारापर्यंत आलेली आहे.

आधी क्लाउड म्हणजे काय ते आपल्या गटावरूनच बघू. पूर्वी गटाचं रजिस्टर सचिवांच्या घरी, पेटीत असायचं. सचिव माहेरी गेल्या की किल्लीही गेली, आणि बैठक अडली. आता आपल्या सीआरपी ताई बैठकीतच 'लोकओएस' ॲपमध्ये बचत, कर्ज, परतफेड भरतात. ते आकडे त्यांच्या मोबाइलमध्येच राहत नाहीत, दूरच्या मोठ्या संगणकांवर जाऊन बसतात. मोबाइल विहिरीत पडला तरी हिशेब बुडत नाही, आणि तोच हिशेब तालुक्याला, जिल्ह्याला, दिल्लीला एकाच वेळी दिसतो. क्लाउड म्हणतात तो एवढाच. आकाशात काही नाही. केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेची अशी मोठी संगणक केंद्रं दिल्ली, हैदराबाद, भुवनेश्वर इथे आहेत आणि एक आपल्या पुण्यात आहे. सरकारनं आपल्या क्लाउडला नाव मात्र झकास दिलंय, 'मेघराज'.

आता मोठ्या कामाला याची गरज का पडते? एखादं घर बांधायचं तर गवंडी, सुतार, वायरमन तिघांना समोरासमोर बोलावता येतं. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा साधारण ३८ किलोमीटरचा. तिथे खांब उभारणारे वेगळे, रूळ टाकणारे वेगळे, वीज, सिग्नल, सरकते जिने सगळ्यांचे ठेकेदार वेगळे. एकाकडे जुना नकाशा आणि दुसऱ्याकडे सुधारलेला, असं झालं की बांधलेली भिंत फोडायची वेळ येते. म्हणून नागपूर मेट्रोनं सगळं काम एकाच संगणकीय नमुन्यावर आणलं. त्याला ते पाच मितींचा नमुना म्हणतात. लांबी, रुंदी, उंची या तीन, चौथी वेळ आणि पाचवी पैसा. कुठला खांब कधी उभा राहणार आणि तेव्हा किती खर्च झालेला असणार, हे सगळ्यांना एकाच ठिकाणी दिसतं.

ऐकायला छान वाटतं ना? पण लंडनच्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेचंही काम असंच होतं. शहराच्या पोटातून ४२ किलोमीटरचे बोगदे, आणि नकाशे, कागदपत्रं सगळी एकाच सामायिक संगणक व्यवस्थेत. डिसेंबर २०१८ ला सुरू व्हायची ती गाडी २४ मे २०२२ ला सुरू झाली. स्थानकांची कामं रखडली, सिग्नलची यंत्रणा एकमेकींशी जुळेना. फाइल ढगात ठेवली म्हणून काम आपोआप होत नाही, हे त्या श्रीमंत देशालाही चुकलं नाही.

आता आपल्या योजनेकडे वळू. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता, म्हणजे शंभरातल्या साधारण सतरा. आता तो आकडा १५ कोटींच्या वर गेलाय. गावागावांत विहीर, पंप, उंच टाकी, खोदलेले चर, दारात नळाची तोटी. एवढ्या पसरलेल्या कामाची नोंद कागदावर ठेवणं अशक्यच होतं. म्हणून गाववार नोंदी ऑनलाइन भरल्या जातात आणि त्यांची बेरीज सगळ्यांना बघता येईल अशा पानावर येते. त्याला डॅशबोर्ड म्हणतात. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की आपल्या गावात घरं किती, नळजोडण्या किती, हे कुणालाही दिसतं. पासवर्ड लागत नाही, साहेबांची परवानगीही लागत नाही.

पूर्वी ही माहिती ज्या मोजमाप पुस्तिकेत असायची, ती आपण कधी डोळ्यांनी पाहिली तरी होती का? त्यामुळे हा बदल आम्हांला चांगलाच वाटतो. पण ढगातला आकडा भरतं कोण? माणूसच. आणि एकदा आकडा वर चढला की मुंबई-दिल्लीला तोच खरा वाटतो.

आमच्या भागातल्या एका गावाचं सांगतो. डॅशबोर्डवर त्या गावातल्या सगळ्या घरांना नळ दाखवला होता. तोट्या बसल्या होत्या, हे खरंच. पण वरच्या आळीत पाणी चढत नव्हतं. टाकी भरली की खालची आळी धो धो भरून घ्यायची आणि वर नुसती हवा फुसफुसायची. बायकांनी कुणाशी भांडण केलं नाही. गटाच्या बैठकीत ठरलं, की पंधरा दिवस प्रत्येक घरानं वहीत लिहायचं, पाणी किती वाजता आलं आणि किती हंडे भरले. योजनेचा नियम माणशी रोज ५५ लिटरचा आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठरा हंडे. वरच्या आळीत सगळ्यात नशीबवान घराचे भरले होते चार.

इथे एक नियम त्यांच्या कामाला आला. गावाचं काम पूर्ण झालं असं खात्यानं कळवलं तरी गाव 'हर घर जल' म्हणून प्रमाणित व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो. तो ठराव आणि ग्रामसभेचं चित्रीकरणसुद्धा ऑनलाइन चढवायचं असतं. (गोवा हे असं प्रमाणित झालेलं देशातलं पहिलं राज्य, २०२२ साली.) म्हणजे आपण हात वर केला की तो हात कायमचा ढगात जातो. त्या बायकांनी आधी महिला ग्रामसभेत वही वाचून दाखवली, मग मोठ्या ग्रामसभेत. सरपंच म्हणाले, "ताई, गावाचं नाव मागं पडेल." एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "नाव पुढं गेलं तर त्यात हंडा बुडवता येतो का रे बाबा?" ठराव झाला नाही.

तीन आठवड्यांनी शाखा अभियंता आले. वहीची पानं त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतली. वरच्या आळीच्या वाहिनीला वेगळा व्हॉल्व्ह बसला आणि सकाळी पहिलं पाणी वर सोडायचं ठरलं. आता बारा-तेरा हंडे भरतात. अठरा नाहीत. शिवाय मार्चनंतर विहिरीलाच पाणी कमी असतं, त्याचं काय करायचं हा प्रश्न अजून तसाच आहे आणि ठरावही अजून थांबलेला आहे.

आणखी एक नोंद तर आपल्याच हातात आहे. प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण द्यायचं, असं या योजनेत आहे. त्यांना किट मिळतं. क्लोरीन, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, गढूळपणा तपासायचा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, फ्लोराइड दीडच्या वर तर मुळीच नको, नाहीतर दात आणि हाडं बिघडतात. तपासणीचा निकाल पोर्टलवर चढवायचा असतो. काही गावांत किट कपाटात पडून आहे, बाटल्यांची मुदत संपत आलीय. काही ठिकाणी पाणी न तपासताच 'योग्य' असं भरून टाकलं जातं. मैत्रिणींनो, असं कुणी सांगितलं तर भरू नका. गढूळ पाणी वर 'योग्य' दिसलं की कुणी दुरुस्तीला येणार नाही, आणि लेकरं तेच पाणी पिणार.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एक चांगल्या नेटचा मोबाइल आणायचा आहे. आपल्या गावाचं पान उघडून घरांचा आणि नळांचा आकडा वहीत उतरवायचा, मग आपापल्या आळीत फिरून मोजायचं. वाड्या, पाडे, मळ्यातली घरं सोडू नका, गळतात ती तीच असतात. पाणी समितीत निम्म्या जागा बायकांना द्यायच्या आहेत, त्या यादीत नावं कुणाची आहेत आणि त्यांना ते माहीत तरी आहे का, तेही विचारून या. ज्या गावांत रेंज नाही तिथल्या ताईंनी आकडे आमच्याकडून कागदावर घेऊन जावेत.