१०० कोटी तासांत एकदा



विमानातील यंत्रणा कितपत भरवशाची असावी, या प्रश्नाला ‘ती कधीच बिघडू नये’ असे उत्तर देणे सोपे आहे; मात्र तेवढ्यावर अभियंत्याचा आराखडा पुढे सरकत नाही. म्हणून नियमकर्त्यांनी अपघातांचे जुने दफ्तर तपासले. १० लाख उड्डाणतासांमागे सुमारे एक गंभीर अपघात, आणि त्यांतील एक दशांश यंत्रणांच्या बिघाडाने, असा हिशेब निघाला. म्हणजे यंत्रणांच्या खात्यावर १ कोटी तासांना एक. विमानाचा घात करतील असे बिघाड शंभरएक असावेत असे धरून प्रत्येकाला १०० कोटी तासांत एकदा, एवढीच मुभा ठेवण्यात आली. ही शंभराची संख्या निव्वळ अंदाजाची होती, पण सरकारी कायदेकानूंत इतका सरळ अंदाज विरळाच.

एकटी यंत्रणा हे लक्ष्य गाठू शकत नाही, सबब तिच्या जोडीला दुसरी आणि तिसरी दिली जाते. हजार तासांत एकदा बिघडणाऱ्या तीन यंत्रणा एकाच तासात बंद पडण्याचा संभव गुणाकाराने बरोबर १०० कोटींत एक येतो. मात्र एकीच्या बिघाडाचा दुसरीशी काडीचाही संबंध नसेल, तरच.

१९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेल्या डीसी-१० विमानात नेमका तो संबंध उघड झाला. सुकाणूचे पृष्ठभाग हलवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणा तीन होत्या. शेपटीतील इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची तबकडी, धातू वितळवतानाच राहून गेलेल्या दोषापायी, फुटली. तिच्या तुकड्यांनी दोन यंत्रणांच्या नळ्या छेदल्या, आणि तिसरीचे पंप तर त्या फुटलेल्या इंजिनावरच बसवलेले होते. कॅप्टन अल हेन्स यांच्या हाती चालू राहिलेल्या दोन इंजिनांचा कमीअधिक जोर तेवढा उरला. प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनी फिच यांनी जमिनीवर गुडघे टेकून त्या इंजिनांचा जोर कमीजास्त करणारे दोन दांडे सांभाळले, आणि सू सिटीच्या धावपट्टीवर विमान आदळून मोडले तरी २९६ पैकी १८४ जण वाचले.

गुणाकार चुकला नव्हता. तिन्ही यंत्रणांना एकाच शेपटीत शेजार दिला गेला होता, आणि ती गोष्ट कोणत्याही आकड्यात दिसत नव्हती. माझ्या मते आराखड्याच्या परीक्षकाने गणिताचा कागद बाजूला ठेवून आधी नळ्यांचा मार्ग बोटाने चाचपून पाहावा. पुढे त्या जातीच्या विमानांत, शेपटीकडे तेल वाहून जाऊ लागताच आपोआप मिटणारी झडप तीनपैकी एका यंत्रणेत बसवण्याचा हुकूम निघाला.