एमआरचा दिवस आणि न मोजलेले तास

'बर्नआउट' म्हटलं की आपल्याला लॅपटॉपसमोर बसलेला माझ्यासारखा आयटीवाला आठवतो. आज मात्र बोलायचंय ते एमआर लोकांबद्दल, म्हणजे औषध कंपन्यांच्या मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हबद्दल. माझा मावसभाऊ सांगलीत एमआर आहे. आणि फील्ड रिपोर्टिंगच्या अशाच एका अ‍ॅपवर मी स्वतः कोड लिहिलाय. त्यामुळे हे काम मला दोन्ही बाजूंनी दिसतं.

दादाचा दिवस बघा. सकाळी स्टॉकिस्टकडे फेरी, मग केमिस्ट, मग दवाखाने. डॉक्टरांची ओपीडी संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं, आत गेल्यावर दोन मिनिटं मिळतात. दुपारी गाडीवरच वडापाव. संध्याकाळची ओपीडी नऊ-साडेनऊपर्यंत चालते. घरी येऊन जेवणाआधी डीसीआर, म्हणजे दिवसभराचा रिपोर्ट भरायचा.

आता अ‍ॅपची बाजू. त्यात कॉल मोजले जातात, लोकेशन जातं, ऑर्डर दिसते. दवाखान्याबाहेर थांबलेले दोन तास कुठेच दिसत नाहीत. उलट मॅनेजरचा फोन येतो, "एकाच जागी दोन तास काय करतोयस?" महिनाअखेरीला क्लोजिंगची ओढाताण, आणि १ तारखेला डॅशबोर्ड पुन्हा शून्यावर. काल टार्गेट पूर्ण केलं, त्याचा आज काही उपयोग नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची तीन लक्षणं सांगितली: सततचा थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. दादाला रविवारीही थकवा जात नाही. डिटेलिंग तो टेप लावल्यासारखं करतो. आणि दर १ तारखेचा तो शून्य आहेच. तरी घरचे म्हणतात, "फिरतीची नोकरी आहे, एवढं चालायचंच."

शरीरही बोलतं. कंबर, अ‍ॅसिडिटी, बीपी. वाटेत धड स्वच्छतागृह नसतं म्हणून पाणी कमी पितात, मुलींचे तर फारच हाल. बॅगेत बीपीच्या गोळ्यांची सॅम्पल्स असतात, पण स्वतःचं बीपी कोण बघणार? रोज डॉक्टरांसमोर उभा राहणारा हा माणूस "सर, मला जरा तपासा" म्हणायला संकोचतो, कारण समोरचा डॉक्टर त्याचा ग्राहक असतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सेल्स प्रमोशन कर्मचाऱ्यांसाठी १९७६ मध्ये वेगळा कायदा झाला. वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्ध्या पगाराची रजा त्यात होती, सेवेच्या किमान एक अठरांश, म्हणजे वर्षाला साधारण २० दिवस. २०२० च्या कामगार संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. अडचण एवढीच की माणूस रजेवर गेला तरी टार्गेट रजेवर जात नाही.

म्हणून एमआर मित्रांनो, तीन गोष्टी करा. तुमच्या यादीत नसलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. थांबण्याचा वेळ रोज रिमार्क्समध्ये लिहा, नाहीतर वरच्यांच्या लेखी तो नसतोच. आजारी असाल तर रजा लेखी मागा. मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि माझ्यासारख्या अ‍ॅप बनवणाऱ्यांनो, पुढच्या व्हर्जनमध्ये 'प्रतीक्षा' नावाचा एक रकाना टाका. कोडच्या दृष्टीने ते दोन दिवसांचं काम आहे.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.