मेळघाटातली डॉक्टरकी

कुपोषण आणि बालमृत्यूंमुळे 1993 मध्ये मेळघाट देशभर गाजला. त्याच्या कितीतरी आधी, 1985 च्या सुमारास, शेगावचा एक तरुण एमबीबीएस होऊन तिथल्याच धारणी तालुक्यातल्या बैरागडला येऊन राहिला होता. डॉ. रवींद्र कोल्हे. वडील रेल्वेत नोकरीला, घराण्यातला हा पहिला डॉक्टर. नागपूरच्या मेडिकलमधून बाहेर पडलेला असा मुलगा अकोल्यात नाहीतर अमरावतीत दवाखाना थाटणार, हे नातेवाइकांनी धरूनच चालायचं.

बैरागडला जाण्याआधी सेवाग्रामच्या डॉ. जाजूंनी त्यांना तीन गोष्टी शिकून घ्यायला सांगितल्या. सोनोग्राफी आणि रक्ताची सोय नसताना बाळंतपण करणं, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखणं आणि हगवणीवर इलाज करणं. मेळघाटात पोरं कशानं दगावतात, याची निम्मी गोष्ट या यादीत आहे.

न्यूमोनियाचंच बघा. घड्याळ हवं आणि मूल शांत हवं. आईच्या मांडीवरच्या मुलाचं झबलं वर करायचं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर 60, वर्षाच्या आतलं असेल तर 50, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40. आकडा इथवर गेला की तो नुसता खोकला नव्हे. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर मुलाला तातडीनं दवाखान्यात हलवायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हे मोजमाप आणि नवजात बाळाची निगा गावातल्याच बायांच्या हाती दिली. तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला.

कोल्ह्यांनी लग्नासाठी घातलेल्या अटी वऱ्हाडात अजून सांगितल्या जातात: 40 किलोमीटर चालायची तयारी, 5 रुपयांत नोंदणी विवाह, महिन्याला 400 रुपयांत संसार. नागपुरात होमिओपॅथीची प्रॅक्टिस जमलेल्या डॉ. स्मिता यांनी त्या मान्य केल्या. पहिलं बाळंतपण बैरागडच्या घरीच झालं आणि बाळाला मेंदूज्वर, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग असं सगळं एकदम झालं. लोक म्हणाले, अकोल्याला न्या. निर्णय आईवर होता. गावातल्या इतर पोरांना जे मिळतं तेच माझ्या पोराला, असं ठरवून त्या थांबल्या. बाळ वाचलं. त्यानंतर गावानं त्यांना परकं मानलं नाही.

पहिल्या तपासणीचे 2 रुपये, पुन्हा आलात तर 1 रुपया, हा त्यांचा दर होता. पण औषधानं बरं झालेलं मूल पावसाळ्यात पुन्हा उपाशी राहायचं आणि पुन्हा आजारी पडायचं. तेव्हा हे जोडपं शेतीकडे वळलं, कोरकू आदिवासी शेतकऱ्यांना हाताशी धरलं, रेशनचं धान्य पावसाळ्यातही गावात पोचावं म्हणून लक्ष घातलं. घर बांधून देऊ म्हणणाऱ्या मंत्र्याकडे त्यांनी रस्ता मागितला. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

त्याच तालुक्यात उतावलीला डॉ. आशिष सातव यांनी वेगळी वाट धरली. तेही नागपूर मेडिकलचेच, एमडी. नेत्रतज्ज्ञ पत्नी डॉ. कविता यांच्यासह त्यांनी ‘महान’ ही संस्था काढली, झोपडीतल्या दवाखान्याचं रुग्णालय केलं, आदिवासी बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गावोगावच्या मृत्यूंची नोंद ठेवून तो हिशेब त्यांनी न्यायालयापुढेही मांडला. कोल्ह्यांना शेतकरी व्हावं लागलं आणि सातवांना संस्थाचालक, आकडेमोड करणारा, याचिकाकर्ता. मूल वाचवायचं तर मेळघाटात डॉक्टरला दवाखान्याबाहेरची कामं शिकावीच लागली.

धारणीहून अमरावती आजही जवळपास दीडशे किलोमीटर, तीही घाटाची वाट. अकोल्यात 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीतही 2024 पासून झालं. अकोल्याच्या आणि पुढे अमरावतीच्याही इंटर्न मुलामुलींचे निदान काही आठवडे धारणी-चिखलदऱ्यात जावेत, आणि तेही पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये, एवढी मागणी अमरावती-अकोल्याच्या लोकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरायला हरकत नाही.